दुभाष्याचा खण

रायबंदरहून पणजीला मी रोज चालत येतो
मिठागरांच्या बांधावरून,
काखेत दप्तर, कानावर बोरू.
नाव सुब्राय शेणवी. धंदा, दुसऱ्यांच्या तोंडचं बोलणं.
फिरंगीतून मोडीत, मोडीतून फिरंगीत.
मधल्या मधे जे सांडतं
त्याचा पगार नाही.

यंदा पत्रं फार.
लढाई घाटावर, म्हैसुरात,
पण तांदूळ इथला चढला, बैल इथले गेले.
फरासिसांचं एक गलबत कारवारापलीकडे दिसलं म्हणतात.
दिसलं, की दिसावंसं वाटलं?
एवढ्यावर आग्वादला इंग्रजांच्या तोफा चढल्या.
निशाण मात्र पोर्तुगालचंच.
ते उतरवा, असं कुणी म्हटलं नाही.
निशाणाला जागा फार लागत नाही.

वाडीकरांना कळवायचं होतं, हे सैन्य कोण.
'कुमक' लिहिलं, खोडलं.
कुमक मागवावी लागते.
मग 'पाहुणे' लिहिलं.
सचिवाला मोडी येत नाही, त्यानं मोहोर उठवली.
आठव्या दिवशी वाडीहून उत्तर, एकच ओळ:
'पाहुण्यांचा मुक्काम किती?'
ओळ मी फिरंगीत उतरवली.
तिच्यातलं हसणं काही उतरलं नाही.

संध्याकाळी बेतीच्या धक्क्यावर
लाल डगल्यातला एक शिपाई आडवा आला.
येसनाक, संगमेश्वराकडचा.
गाव पेशव्यांच्या मुलखात, पगार मुंबईचा,
पहारा फिरंग्याच्या किल्ल्यावर,
वैर कुणाशी, ते सुभेदाराला ठाऊक.
म्हणाला, घरी दोन ओळी लिहा.
काय लिहू?
बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
'लिहा, मी बरा आहे.
समुद्र तोच आहे.'
पैसे देऊ लागला. मी घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते, त्याला बरं वाटलं असतं.

आणि त्याच आठवड्यात सुलतानाचा खलिता.
वर फार्सी, खाली मराठी नक्कल,
कागदाला अजून अत्तराचा वास.
आमच्या वाक्यात आधी सगळं सामान येतं:
जुनी दोस्ती, बंदराची वाट, घोडे, दारू, शिसं,
आणि अगदी शेवटी, दाराशी चपला काढल्यासारखं,
'मागतो'.
फिरंगीत ते चालत नाही. तिथं क्रियापद पुढे.
मी 'मागतो' लिहिलं, बोरू शाईत बुडवला,
आणि बाहेर तोफा सुरू झाल्या.

पट्टण पडलं होतं.
आग्वादनं सलामी दिली, काबोनं दिली,
रेइस मागूशनं उशिरा दिली, तिथली दारू दमट असावी.
देवळीतला दिवा दर बाराला हलला.
इनास तांडेल होडी अर्ध्या पाण्यात थांबवून ओरडला,
'शेणवीबाब, कोण जिंकलं?'
मी म्हटलं, पाहुणे.
'आपले?'
होडी भरतीनं वाहवत चालली होती,
त्याला वल्हं धरावं लागलं.

सचिव म्हणाला, ते पत्र राहू दे, उत्तर कुणाला धाडणार?
मी ते खणात ठेवलं.
मूळ कागदावर मागणं सगळं आहे.
माझ्या कागदावर एकटं 'मागतो',
कोण, काय, काही नाही.

पावसाळा उतरल्यावर कर्नलचं पत्र आलं.
साधंच, नम्र, ज्वरानं माणसं गेलेली.
काबोजवळ उंचवट्यावर जागा हवी, कुंपणापुरती,
दफनासाठी.
तेव्हा कळलं, वाडीच्या ओळीला
आता उत्तर देता येईल.

ताळगावच्या गांवकारांना हुकूम मीच लिहितोय.
थोरला गांवकार समोर बसून पान जुळवतो आहे.
जागा द्यायला ना नाही त्याची.
फक्त विचारतो, कितीजणांसाठी?
मी सचिवाकडे बघतो.
सचिव खिडकीतून निशाणाकडे.
वारा पडलेला.
हुकमात आकड्याची जागा तेवढी
मी कोरी सोडली आहे, बोटभर,
आणि वर वाळू टाकून
बाकीची शाई वाळवतो आहे.